खालची पापणी

दुष्काळाच्या त्या वर्षांत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि शहराच्या कडेला पडेगावात एका नव्या इमारतीवर वॉचमनची नोकरी धरली. तिथंच त्यांचा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. दादा म्हणाले, सिमेंटची धूळ. क्रांती चौकातून काळा चष्मा आणला आणि वाळूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून असे ऐटीत बसू लागले, की नवे लोक त्यांनाच बिल्डर समजून नमस्कार करायचे.

पोटही बिघडलेलं होतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि निम्मा ड्रम दादांच्या संडासाच्या फेऱ्यांनाच लागायचा. ते टँकरच्या पाण्याला शिव्या द्यायचे. माझंही पोट वर्षभर तसंच होतं. मी कंपनीच्या कँटीनला शिव्या द्यायचे.

शेवटी मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी तपासलं. डोळ्याच्या आत सूज आहे, उशीर केला तर नजर जाईल म्हणाल्या, आणि विचारलं, "पोट कसंय? शौचातून रक्त जातं का?"

दादा ताडकन उठले. "डोळा दावायला आलोय म्याडम. पोटाचं काय काढता?" आणि सरळ बाहेर.

जिन्यात मला हसू आवरेना, आणि भीतीही वाटत होती. म्हटलं, "दादा, जन्मभर मेंढराची खालची पापणी ओढून तुमी पोटातले जंत वळखले. जंतांनी रगत पिऊन ती पांढरी दिसली की औषध पाजायचे. मग म्याडमनी डोळ्यावरून पोट इचारलं तर काय बिघडलं?"

दादा एका पायरीवर थांबले. "व्हय की," म्हणाले, आणि माघारी वळले. मॅडमना सगळं सांगितलं, रक्ताचंसुद्धा.

मॅडमनी समजावलं. आतड्याची जुनी सूज आणि डोळ्याची सूज कधी कधी जोडीनं येतात. राखणदारच घरच्या माणसांवर धावून जावा, तसं शरीर आपल्याच अंगावर उठतं. वॉचमनला हे चटकन पटलं. हा कल काही घरांत आईबापांकडून मुलांत येतो, पण प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, असंही त्या म्हणाल्या. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला पोटाचा त्रास?"

"नाही," मी लगेच म्हणाले. बापासमोर कसं सांगणार? लाज वाटली.

दादांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि दुखरा डोळा बारीक करून खिडकीच्या उजेडात निरखून पाहिली.

"हिचं बी लिवा, म्याडम," ते म्हणाले. "लई पांढरी हाय."