विचारा, मामा बसलेत

जिवंतपणी आपले डोळे परक्यांना देऊन टाकणारी माणसं या पृथ्वीवर फार थोडी; त्यांतले एक पडेगावात राहतात आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. मामा हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात मी ते लिहिलं आहे. वस्तुस्थिती अशी, की मामांचे दोन्ही डोळे अजून मामांकडेच आहेत. उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे आणि जेवणानंतर दोन तास दोन्ही मिटलेले असतात. दिले आहेत ते मोबाइलमधल्या एका अ‍ॅपमार्फत, फुकट, आणि लागतील तेवढ्यापुरते. पण या दानापर्यंत पोचायला मामांना मोबाइलमधली अर्धी दुनिया पालथी घालावी लागली, तेव्हा हकिगत तिथून सांगितली पाहिजे.

मामा कन्नडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणत. काचेची एक खोली, काचेला अर्धगोल भोक, आत मामा, एक माइक आणि एक रजिस्टर. तीस वर्षं अख्खा तालुका त्या भोकाला तोंड लावून मामांना विचारत आला. पिशोरची गाडी गेली का, चाळीसगावची लागली का, इथपासून डॉक्टर आज बसलेत का, बाजार भरलाय का, मळमळतंय तर काय घ्यावं, इथपर्यंत. मामा मान वर न काढता उत्तर देत आणि उत्तर तीन शब्दांच्या वर जात नसे. "गेली." "लागंल." "लिंबू चोखा." एकदा एका बाईंनी विचारलं, की अमक्या गावची माणसं पोरगी द्यायला कशी आहेत. मामा रजिस्टरात बघत "दुसरं बघा" म्हणाले, आणि त्या घरानं खरोखर दुसरं बघितलं. ती मुलगी आज सुखात आहे, असं मामा सांगतात. मुलीला कुणी विचारलेलं नाही.

या विचारण्याचा मामांना भयंकर जाच होता. संध्याकाळी घरी येऊन ते म्हणत, "मी काय पाटी हाय का तिथं लावलेली? समोर लिहिलेलं असतंय, तरी इचारतेत." रिटायर झाल्यावर कानाला विश्रांती मिळेल, या एका आशेवर त्यांनी शेवटची पाच वर्षं काढली. विश्रांती मिळाली. शहराच्या कडेला पडेगावात त्यांनी छोटं घर बांधलं, फाटकापाशी खुर्ची टाकली आणि समोरच्या रस्त्यानं कन्नडकडे जाणाऱ्या गाड्या बघत बसले. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला कुणी काहीच विचारत नाही.

मामी म्हणतात, हे खरं नाही. मीठ आणता का, गॅस बंद करता का, अंगावरचा हा सदरा किती दिवसांचा आहे, असं त्या रोज विचारत होत्या. पण मामांच्या मते हे प्रश्न नव्हेत, ही कामं.

मग एक दिवस ते शहरातल्या मोठ्या स्टँडवर नुसतेच जाऊन बसले. सवय, दुसरं काय. शेजारी एक मुलगी बॅगा घेऊन उभी होती, नजर मोबाइलमध्ये. तिच्या हालचालीवरून मामांनी ओळखलं, की हिला सिल्लोडला जायचंय. न विचारताच ते म्हणाले, "सिल्लोड पलीकडच्या फलाटाला लागते, बाई." मुलीनं त्यांच्याकडं बघून गोड हसून मान हलवली, मोबाइलमध्ये बघितलं, खात्री करून घेतली आणि मग पलीकडे गेली. मामा पायीच निघाले आणि निम्म्या रस्त्यात माझ्याकडे येऊन टेकले. "जावईबापू," ते म्हणाले, "चूक काढली असती तर चाललं असतं. पण माझ्यासमोर तपासून बघितलं तिनं. मी सांगितल्यावर."

दुसरा कुणी असता तर मोबाइलवर रागावून बसला असता. मामांनी नवा मोबाइल घेतला. त्यांचं म्हणणं असं, की ज्यानं आपली जागा घेतली तो माणूस कसा आहे हे बघायला हवं. आणि त्यांनी एकेका अ‍ॅपची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पद्धत साधी होती. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेच विचारायचं. नकाशाच्या अ‍ॅपला त्यांनी कन्नडचा रस्ता विचारला आणि माझ्या मोटारीत माझ्या शेजारी बसून त्या आवाजाच्या बाईंची उलटतपासणी घेतली. बाईंनी "सरळ" म्हटलं, की मामा मला डावीकडे वळायला लावत. बाई बिचाऱ्या नवा रस्ता शोधत. चार वेळा असं झाल्यावर आम्ही दौलताबादच्या आसपास एका सीताफळाच्या बागेत उभे होतो आणि मामा समाधानानं म्हणाले, "लई सोशिक बाई हाय. मी असतो तर खाली उतरवलं असतं तुमाला." त्या बाई पास झाल्या.

झाडं ओळखणाऱ्या अ‍ॅपला त्यांनी अंगणातला कडुलिंब पाच बाजूंनी दाखवला आणि पाचही वेळा तेच उत्तर आल्यावर "पोरगं हुशार हाय, फिरवलं तरी फिरत नाय" असा शेरा दिला. हवामानाचं अ‍ॅप ते गच्चीवर नेतात, आधी आभाळ बघतात, मग मोबाइल, आणि दोघांची मतं मला फोनवर कळवतात. कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये त्यांनी सगळे दाखले भरले आणि आता कुठंही जाताना मूळ कागदांची पिशवी बरोबर नेतात. कुणाला शंका आली तर ताडून दाखवता यावं म्हणून. दवाखान्याचा नंबर घरबसल्या लावायचं अ‍ॅप तर त्यांना इतकं आवडलं, की मामींना काही होत नसताना त्यांनी तीनदा नंबर लावला. तिसऱ्यांदा मामी गेल्या. "लागलाच हाय तर जाऊन येते," म्हणाल्या, आणि रक्तदाब निघाला. तेव्हापासून त्या अ‍ॅपबद्दल मामी चांगलं बोलतात, मामांबद्दल नाही.

पास झालेली अ‍ॅपं मामा लोकांना वाटत सुटतात. कन्नडला एका लग्नात पंगत उठायच्या आत त्यांनी अकरा जणांचे मोबाइल मागून घेतले होते. "काय घाबरू नका. फुकट हाय, अन् तपासून दिलंय." नवरदेवाच्या चुलत्याच्या मोबाइलमध्ये त्यांनी गाडी कुठवर आली ते दाखवणारं अ‍ॅप घातलं, आणि ते गृहस्थ वरातीत मोबाइल बघत चालताना वाजंत्रीवाल्यावर आदळले. शिवाय मामा प्रत्येक अ‍ॅपच्या खाली अभिप्राय लिहितात, तोही खात्यात लिहीत असत तसा: "काम समाधानकारक. वर्तणूक नम्र. पुढील बढतीस हरकत नाही." एका कंपनीकडून आभाराचं उत्तर आलं. ते यंत्रानंच पाठवलं असणार, असं मी म्हणालो. मामा म्हणाले, "असू दे की. यंत्राला तरी रीत हाय."

हे सगळं मी हसत बघत होतो. नव्या वस्तूंच्या आरत्या ओवाळणारी माणसं मला मुळातच पचत नाहीत. पण एका दुपारी मामांनी मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, "बघा जावईबापू, ह्यातले सगळे सांगतेत. लई चांगलं सांगतेत. पण इचारत कोणच नाय." मला एकदम कळलं, की हा माणूस वर्षभर मोबाइलची परीक्षा घेत नव्हता. तो त्यात एक भोक शोधत होता, काचेला होतं तसं.

ते भोक त्यांना त्यांचं त्यांनाच सापडलं. ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठीचं ते अ‍ॅप. अडलं की हे लोक मोबाइलचा कॅमेरा समोर धरतात, कुठल्या तरी अनोळखी स्वयंसेवकाला फोन लागतो आणि तो बघून सांगतो. औषधाची पट्टी कुठली, दुधाच्या पिशवीवरची तारीख काय, असलं. मामांनी नाव नोंदवलं, भाषा मराठी निवडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून मोबाइलसमोर बसले.

मामी म्हणाल्या, "अहो, त्यांना दिसत नाय. अन् तुमचा कॅमेरा पण चालू नसतो म्हणं."

"मला दिसतंय ना," मामा म्हणाले.

त्यांनी मोबाइलसाठी स्टँड आणलं. फोन आला तर ऐकू यावं म्हणून कुकरच्या शिट्ट्यांची वेळ ठरवून दिली. मला बोलावून रंगीत तालीम घेतली. मी आतल्या खोलीत डोळे मिटून मोबाइल धरायचा आणि विचारायचं. मी दुधाची पिशवी धरून तारीख विचारली. मामांनी सुरुवात केली. पिशवी निळी-पांढरी आहे, कोपरा जरा दबलाय, मागं कपाट आहे, कपाटावर धूळ आहे, कपाटाखाली एकच चप्पल आहे. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "दुसरी बाथरूमपाशी हाय." चार मिनिटं झाली तरी आम्ही तारखेपर्यंत पोचलो नव्हतो.

"मामा, तोवर दूध नासंल," मी म्हणालो.

मामांनी ते मनाला लावून घेतलं. तीन शब्दांत तालुका चालवलेला माणूस. पण इतक्या दिवसांनी विचारायला आलेल्याला एवढ्यात कसं सोडायचं, हा खरा प्रश्न होता.

आणि फोन येईना. महिना झाला, दोन झाले. मी चौकशी केली तर कळलं, की अशा अ‍ॅपवर मदतीला बसलेली माणसं फार आणि मदत मागणारी त्या मानानं थोडी. मी हे मामांना जपून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बसून ऱ्हाणारे एवढे हायेत? बरंय. लोक वाटतात तेवढे वाईट नायत मग." आणि पुन्हा मोबाइलकडं बघत बसले.

पहिला फोन आला तेव्हा मामा भाजी आणायला गेले होते. मोबाइल स्टँडवरच होता. मामींनी ऐकला, पण हात लावला नाही. त्यांना तशी सक्त ताकीद होती. मामा आले तोवर पडद्यावर सूचना होती, की दुसऱ्या कुणी तरी उत्तर दिलं आहे, आभार. मामी म्हणाल्या, "झालं की त्यांचं काम. कुणी का सांगेना." मामांनाही ते पटत होतं. तरी दोन दिवस ते जेवले नाहीत नीट. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "तीस वर्षं जेवायलासुदीक खिडकी सोडली नाय. अन् आता एक जण इचारायला आला, तर मी वांगी निवडत होतो." त्या दिवसापासून भाजी मामी आणतात.

नंतर कितीतरी दिवस काही नाही. मामींनी एकदा सुचवून बघितलं, की आता पुरे, तो सदरा रोज रोज धुवून माझे हात गेले. मामा म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर काढून टाकू. मामांनी एखादं अ‍ॅप काढून टाकायची भाषा केल्याचं मी प्रथमच ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नाही.

दिवाळीला आठवडा असताना, रविवारी दुपारी, आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढली होती. मोबाइल वाजला. मामींचा वाढायचा हात थांबला. मामा उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, खुर्चीवर बसले, बोट टेकवलं आणि "बोला" म्हणाले. पडद्यावर एक खोली तिरकी दिसली. भिंत, पलंगाची कड, खिडकीचा पडदा, कॅलेंडर, भिंतीवर कुणाचा तरी हार घातलेला फोटो. मला वाटलं, आता मामा कॅलेंडरापासून सुरू करणार.

"हॅलो, काका," एका बाईंचा आवाज आला. "पाहुणे आत्ता गेले. खोलीतली ट्यूब चालू राहिलीय का, तेवढं बघता?"

मामांनी श्वास घेतला. पडद्याकडं बघितलं. "चालू हाय, ताई."

खट् आवाज झाला. त्या खोलीचे पडदे जाड असावेत, कारण पडदा, पलंग, कॅलेंडर, फोटो, सगळं एकदम काळं झालं.

"आता?"

"आता बंद."

"बरं झालं काका, तुम्ही होतात. ठेवते," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मामा त्या काळ्या पडद्याकडं थोडा वेळ बघत राहिले. मामींनी विचारलं, "काय इचारलं हो त्यांनी?" आणि मामांनी मान वर करून, अगदी सावकाश, मामींना सगळं सांगितलं: पलंग कुठं होता, पडदा कसा होता, आवाज कुठल्या बाजूचा वाटला. मामी ताट तसंच ठेवून ऐकत होत्या आणि मधूनमधून पुढचं विचारत होत्या. वरण निवलं. सदऱ्याची गुंडी त्यांनी संध्याकाळपर्यंत काढली नाही आणि अ‍ॅप काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या ताई कोण, कुठल्या गावच्या, काही कळलं नाही. तशी सोय त्या अ‍ॅपमध्ये नाही. त्यांच्या खोलीतली ट्यूब त्या रविवारी दुपारी बंद झाली, एवढं मात्र पक्कं आहे.