शेजारच्या म्हाताऱ्याचे स्कॉटिश शब्द

सिंगापुरात सेम्बावांगला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक स्कॉटिश म्हातारा राहायचा. तरुणपणी इथल्या गोदीत जहाजांच्या इंजिनांवर काम करायला आला आणि इथल्याच चिनी बाईशी लग्न करून राहिला. ती गेली, मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, हा उरला. उरला म्हणजे लिफ्टपाशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवत बसायचा.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या कुंड्यांचं पाणी त्याच्या दारात गेलं म्हणून तो ओरडला, आणि मी काही ऐकून घेणारी नव्हे. माझ्या तोंडाचा पट्टा थांबल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "पोरी, तू भलतीच क्रॅबिट आहेस!" क्रॅबिट म्हणजे काय विचारलं, तर म्हणे, "चिडकी, तुसडी. माझी आई अशीच होती." घ्या! हे म्हणे कौतुक.

मग शिकवणीच सुरू झाली. वन-नॉर्थच्या ऑफिसातून एमआरटी मेट्रोत उभ्याने येऊन मी लिफ्टबाहेर पडले की नवा शब्द तयार. चेहरा उतरलेला, पांढराफटक दिसला तर 'पीली-वॉली'. लिफ्ट दुरुस्त करायला येऊन नुसता आ वासून बघणारा मेकॅनिक 'ग्लेकिट', आपण मख्ख म्हणतो ना, तोच. माझी टकळी सुरू झाली की 'व्हीश्ट!', म्हणजे गप्प बस. मॅनेजर मीटिंगमध्ये लांबण लावायला लागला की मीही मनातल्या मनात व्हीश्ट म्हणायला लागले. बदल्यात मी त्याला 'आगाऊ' शिकवला. लिफ्टमध्ये मध्येच घुसणाऱ्या प्रत्येकाला तो हसत हसत "आगाऊ" म्हणायचा.

'थ्रॉन' मात्र मी त्याच्यासाठीच राखून ठेवला होता. थ्रॉन म्हणजे आडमुठा, सांगाल त्याच्या मुद्दाम उलट करणारा. त्याला डायबिटीस होता. पायाची जखम डॉक्टरला दाखवा म्हणून मी महिनाभर कानीकपाळी ओरडत होते, पण दाखवेल तर शपथ. शेवटी पाय काळा पडला, ताप चढला, आणि मीच ॲम्ब्युलन्स बोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा फोन आला. पाय कापला तर वाचतील, नाहीतर नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. पण तापात तो अस्सल गावाकडचं बोलत होता आणि तो शुद्धीवर आहे की भ्रमात, हेच कुणाला कळत नव्हतं. "मी सिंगापूरला वाढले, त्यांची ती भाषा मला कधी आलीच नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कळते ना? प्लीज, त्यांना ऑपरेशनला तयार करा. मी उद्या पोचते."

मी हॉस्पिटलात गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "एवढंच विचारा, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, हे त्यांना कळतंय का?"

मी विचारलं. तो म्हणाला, "मरेन. दुसरं काय? मी ग्लेकिट वाटलो का तुला?"

हे मी डॉक्टरना सांगितलंच नाही. त्याच्यावरच घसरले. "पुरे झाला थ्रॉनपणा! मुलगी येतेय. पाय गेला म्हणून माणूस मरत नाही. व्हीलचेअर मी ढकलीन, रोज ढकलीन!" माझा आवाज चिरकला. वॉर्डातली माणसं बघायला लागली.

"मी स्कनर्ड झालोय, पोरी," तो म्हणाला. स्कनर्ड म्हणजे शिसारी येईपर्यंत वीट येणं. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या टपऱ्यांवरच्या त्याच त्या नूडल्सना तो हे म्हणायचा. "घरी एकट्याने बसायचा वीट आलाय. कापाकापी नको. त्या बाईला नीट सांग."

'भ्रमात आहेत' एवढं बोलले असते तर ऑपरेशन झालं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. जगायला हवा होता हो मला तो. पण तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होता. मी सांगितलं, "सगळं कळतंय त्यांना. नको म्हणतात." डॉक्टरांनी आणखी चार प्रश्न विचारले, मी उत्तरं जशीच्या तशी सांगितली.

मुलगी पोचली तेव्हा त्याचं बोलणं थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

कॉरिडॉरमध्ये तिने मला विचारलं, "एखादा शब्द चुकला नसेल ना तुमचा?"

"नाही," मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मला एक अक्षर कळलं नसतं. आणि बाबा आज जिवंत असते."