कावीळ झाली होती, असं लिहा

“नवऱ्याचं नाव सांग,” साहेब म्हणाले.

मिलच्या वाइंडिंग खात्यात, जिथं मी सूत गुंडाळायचं काम करायचे तिथं, सगळ्या बायकांच्या देखत. त्याआधी वार विचारला होता, हाताची बोटं मोजायला लावली होती. तेवढं मी धडाधड सांगितलं. नवऱ्याच्या नावाला अडखळले. कोणती बाई अडखळत नाही? आम्ही नाव घ्यायचो ते उखाण्यातून, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर.

साहेब जॉबरला, आमच्या मुकादमाला, म्हणाले, “बघ, आठवत नाही तिला.”

बायकांना कारण माहीत होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. साहेबांपेक्षा मला त्यांचाच राग आला. अजून येतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं दोन महिन्यांचं लेकरू गेलं. मग झोप गेली, बोलणं गेलं. भावानं पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. पाच महिन्यांनी बरी झाले. ‘कामास योग्य’ असा डॉक्टरांचा कागद घेऊन मिलमध्ये आले, तर ही परीक्षा. शेवटी साहेबांनी कागद परत दिला. पुन्हा कधीही असं होणार नाही, हे लिहून आण म्हणाले. असं कोण लिहून देणार? पुन्हा ताप येणार नाही, असं तरी कुणी लिहून देतं का?

सासूनं निरोप धाडला होता, कामावर घेतलं तरच घरात घेऊ. म्हणून वळसंगला भावाकडे राहून मी एसटीनं सोलापूरला खेटे घालत होते.

सरकारच्या नोकरीच्या कचेरीतही गेले. कारकून भला माणूस. पाणी दिलं. सवलतींचा कागद काढून वाचला. आंधळ्यांना सवलत, मुक्या-बहिऱ्यांना सवलत, लंगड्यांना सवलत. पान उलटलं, मागं कोरं.

“तुमचे हातपाय धड हायत की,” तो म्हणाला.

म्हणजे मिलला मी वेडी आणि सरकारला धडधाकट. इकडे आड, तिकडे विहीर.

मग त्यानं साधा फॉर्म पुढं केला. त्यात रकाना होता, आधीचं काम का सुटलं. तो हळूच म्हणाला, “कावीळ झालती म्हणून लिवा. समदे तसंच लिवत्यात.”

समदे म्हणजे कोण, मी विचारलं. तुमच्यासारखे लई येतात, म्हणाला.

मला वाटत होतं मी एकटीच. इतके दिवस लाजेनं मरत होते. आणि सोलापुरात एवढी कावीळ! जो तो एकटा आला, खोटं लिहून गेला. मग सरकारच्या कागदात आम्ही येणार कुठून?

चौथीपर्यंतच्या माझ्या अक्षरात लिहिलं. मनाचा आजार झाला होता. बरी झाले. काम येतं.

“आसं लिवलं तर काम न्हाय मिळायचं, बाई.”

“न्हाय मिळालं तर न्हाय. पर त्ये खोडायचं न्हाय.”

काम मिळालं नाही. सासरचं दार उघडलं नाही. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत बसून मी ठरवलं. कचेरीनं दिलेल्या नावनोंदणीच्या कार्डाची मुदत भरली की ते नवं करायला पुन्हा तिथं यायचं. दर वेळी तेच लिहायचं. आणि तिथल्या बाकावर कुणी मान खाली घालून कावीळ लिहिताना दिसलं, तर त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचं.