मागचा एक्सल

सदर इसम, वय अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा गाडीखाली सहज सरकेल इतपत. धंदा मोटार दुरुस्ती. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर जॅकचा दांडा उसळून झालेला वण. कोणत्याही गुन्ह्यात नाव नाही. वाहनाविषयी दिलेले मत सहसा खरे ठरते, असा परिसरात लौकिक.

या मिस्त्रीला बायकापोरं नव्हती. होती ती एक धाकटी बहीण, आणि तिच्यामागोमाग नात्यात आलेला तिचा नवरा. नवऱ्यापाशी एक जुनी, दोनच माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्‌स कार होती. पुढून रुबाबदार, मागून बेभरवशाची. वळणावर तिचं बूड असं बाहेर निघायचं की जणू तिला दुसऱ्याच गावाला जायचंय.

"दादा, हिचं मागचं काहीतरी कर," बहीण एकदा गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली. "प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून बसते मी."

"मग बसू नकोस."

"मी नसले की तो आणखी जोरात नेतो."

मिस्त्रीने गाडी वर उचलली. मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आस, दोन पोलादी स्प्रिंग-पाट्यांवर होता. वजन पेलायचं पाट्यांनी, आणि एक्सल जागच्या जागी धरायचा तोही पाट्यांनीच. एका नोकराला दोन कामं लावली की होतं तेच झालं होतं. पाटे दमले होते, टोकांच्या रबरी बुशांच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि वळणावर अख्खा एक्सल बाजूला सरकत होता. त्याने बुश नवे घातले. शिवाय एक भक्कम आडवा दांडा बसवला. त्याचं एक टोक एक्सलला, दुसरं चासीला. आता एक्सलला वरखाली होण्याची मुभा होती, डावीउजवीकडे जाण्याची नव्हती.

शेवटचे बोल्ट मात्र त्याने आवळले नाहीत. चाकं लोंबकळत असताना आवळले, की गाडी खाली आल्यावर बुश पिळले जातात आणि फाटतात. गाडी जमिनीवर हवी, आणि तिच्यात माणसंही हवीत, असा त्याचा शिरस्ता.

"दोघं आत बसा," तो खालून म्हणाला.

"कुठे जायचंय, मेहुणे?"

"कुठेही नाही, जावईबापू. तुमचं वजन हवंय."

"ऐकलंस का? सासरी माझं वजन आहे म्हणे!"

बहीण खळखळून हसली. मिस्त्रीने त्या हसण्याखाली पडून एकेक बोल्ट आवळला.

मग तो स्वतः गाडी घेऊन खाणीच्या रस्त्याला गेला. गाडी वळणाला अशी चिकटली की त्याला आपल्याच हातांचा हेवा वाटला. एरवी तोलूनमापून बोलणारा हा माणूस परत आल्यावर किल्ली देताना बोलून गेला, "आता बिनधास्त घाला कुठेही. रुळावर आहे समजा."

जावईबापूंनी उभ्या जन्मात एवढा एकच सल्ला तंतोतंत पाळला.

महिन्याभरात खाणीच्याच रस्त्यावर, खडी सांडलेल्या वळणावर गाडी भिंतीवर गेली. नवरा जागीच गेला. बहिणीचा पाय मोडला.

मिस्त्री आधी इस्पितळात गेला, तिथून थेट गाडीचा सांगाडा ठेवला होता त्या आवारात. पाना घेऊन चिखलात आडवा झाला. एखादा बोल्ट सैल निघावा, दांड्याचा सांधा तुटलेला दिसावा, यासाठी तो जन्मात पहिल्यांदा देवाची करुणा भाकत होता. सगळं घट्ट होतं. दांडा केसभरही हलला नव्हता. मागची चाकं वळणात टिकली होती, पूर्वी कधी टिकली नसती अशा वेगापर्यंत. मग चारही चाकांची पकड एकदमच सुटली.

"माझं काही चुकलं का गं?" दुसऱ्या दिवशी त्याने खाटेपाशी विचारलं.

बहीण छताकडे पाहत म्हणाली,

"नाही रे. काम चोखच केलंस. आधी तिचं बूड हललं की तो घाबरायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. तेवढी एकच भीती होती त्याला. तीही तू काढून घेतलीस."

पुढे रीतसर तपासणी झाली. सदर वाहनाचा मागील एक्सल जागेवर असून दुरुस्तीच्या कामात कोणतीही कसूर आढळून येत नाही, असा निष्कर्ष निघाला. मिस्त्रीला तो वाचून दाखवण्यात आला आणि तो निर्दोष असल्याचं कळवण्यात आलं.

बहीण कुबडीवर घरी आली. तिने त्याला दार उघडलं नाही.