अर्धं डुक्कर

करडी गावात आमच्या शेताला लागून काकाजींचं शेत आहे. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, पण ती उडालेली मी कधी पाहिली नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं की उरलेलं ते तिला लावतात, एवढंच. त्यांच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, सरकारी जंगल लागतं. धुऱ्याच्या अलीकडचं डुक्कर मारता येतं, पलीकडचं येतं, की कोणतंच येत नाही, हे ते भेटेल त्याला विचारतात. वनरक्षक म्हणतो ठाण्यात विचारा, ठाण्यातले म्हणतात वनरक्षकाला विचारा. काकाजी दोघांनाही "बराबर आहे" म्हणतात.

यंदा धान निसवलं आणि दिवस बुडता बुडता रानडुक्कर आलंच. तोंड धानाच्या बांदीत, मागचे पाय जंगलात. काकाजींनी बंदूक रोखली आणि खाली घेतली.

"मारा ना काकाजी!" मी कुजबुजलो.

"अर्धा सरकारचा आहे ना बाप्पा! पुरा येऊ दे."

डुक्कर पुरं आलं.

"आता मारलं अन् तिकडं जाऊन मेला तं?"

डुकराचं पोटभर जेवण झालं. शेवटी मीच डबा बडवून ते हाकललं.

पुढे निवडणूक लागली आणि गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. निकालानंतर बाकीच्यांनी आपापल्या परत आणल्या. काकाजींची मात्र अजून तिथंच आहे.

"काहून नाही आणली जी?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच," काकाजी खुशीत म्हणाले. "ठाण्यात डुक्कर येत नाही."