उत्तरदाता क्रमांक सात

"आज फील्डला जायची गरज नाही," सर म्हणाले. "फील्ड पहिल्या बाकावर बसलंय."

वर्ग हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी उगाच शूर वाटायची.

रोह्याला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. समाजशास्त्र. संशोधन पद्धतीचा तास होता, मुलाखत कशी घ्यायची ते शिकायचं होतं. सरांनी मला उठवलं, फळ्यापुढे खुर्ची ठेवली, तीत बसवलं. बाकीच्या अकरा जणांनी वह्या उघडल्या. त्यांनी विचारायचं, मी उत्तर द्यायचं. मी पेणच्या खाडीकाठची, मिठागरात राबलेल्या घरातली. एवढी पात्रता पुरली.

"तुमच्या घरात दारू कोण पितं?" एकीने विचारलं. वकिलाची मुलगी. रोज माझ्या डब्यातली सुकट आवडीने खायची. आज मला 'तुम्ही' म्हणत होती.

"बाबा प्यायचे."

"प्रोब करा," सर म्हणाले. "थांबू नका. पिऊन काय करायचे ते विचारा."

तिने विचारलं. मी सांगितलं. बाबा आईला कशाने मारायचे, तेही सांगितलं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ही गोष्ट मी जिवाभावाच्या मैत्रिणीलासुद्धा सांगितली नव्हती. अकरा पेनं चालत होती. संडास कधी बांधला. घरात अंगठा कोण लावतं. मी सांगत गेले. तास संपला तेव्हा सर म्हणाले, "उत्तम उत्तरदाता. काही लपवत नाही."

"थँक्यू सर," मी म्हणाले.

त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते.

सर फार मृदू बोलायचे. आवाज चढलेला कधी ऐकला नाही. त्यांच्या घराण्याची आमच्या खाडीकाठी जमीन होती, मिठागर होतं. माझे आजोबा त्यावर राबले. आता त्या घरात सगळे प्राध्यापक नाहीतर डॉक्टर. पहिल्या दिवशी माझं गाव ऐकून ते म्हणाले होते, "अरे, म्हणजे तू आमच्याच आगरावरची." मला ते आपुलकीचं वाटलं. घरी जाऊन आईला कौतुकाने सांगितलं. आई हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाते. पांढऱ्या धुळीने माखलेले हात धूत ती नुसती "हं" म्हणाली.

प्रबंधाचा विषय सरांनीच दिला. खाडीकाठच्या जमिनी एक कंपनी घेतेय, त्याबद्दल गावाचं खरं मत काय. गाव माझंच घ्यायचं. "तुला ते खरं सांगतील," सर म्हणाले. "आम्हाला सांगणार नाहीत." मी हरखून गेले होते. सरांनी एवढ्या जणांतून माझं गाव निवडलं म्हणून.

आणि लोकांनी मला खरंच सांगितलं. ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. घरात, चुलीपुढे, दार लोटून घेतल्यावर निम्मी घरं म्हणाली, जमीन द्यायची नाय. मी मोबाइलवर आवाज भरून घेत होते. पुस्तकात होतं तसं आधी समजावून सांगत होते की कोणाचंही नाव कुठे येणार नाही, फक्त नंबर येईल.

धर्माकाका आमच्या वाडीतले सगळ्यात म्हातारे. त्यांनी विचारलं, "नंबर म्हंजे कसा गो?"

"एक, दोन, तीन, असा. कोनाला कललाच नाय पायजे."

"तू लिवनार मंग आमाला काय भ्याव," ते म्हणाले आणि सगळं बोलले.

आता माझी चूक सांगते.

आमच्या शेतांना समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध आहे. मोठ्या उधाणाला तो राखावा लागतो, फुटला तर शेती खारवते. त्यासाठी प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर जातो, पाळीने. चोवीस घरांची पाळी. पहिलं घर उघाडीजवळचं, म्हणजे बांधात पाणी सोडायचं दार आहे तिथलं. दुसरं थेट देवळामागचं. तिसरं पुन्हा खाली. नकाशावर त्याला काही अर्थ नाही, कोणी आणि कधी लावली ते कोणालाच ठाऊक नाही, पण आमची पोरं पाढ्यांच्या आधी ती पाळी शिकतात. मी घरांना नंबर द्यायला बसले तेव्हा एक, दोन, तीन त्याच क्रमाने लिहिलं. विचारसुद्धा केला नाही. मला दुसरा क्रम येतच नव्हता.

प्रकरण तपासायला सरांकडे दिलं. दुपारी त्यांनी खोलीत बोलावलं. माझी पानं त्यांच्यापुढे होती. ते बोटावर काहीतरी मोजत होते आणि हसत होते.

"एक, उघाडीवरचे," ते म्हणाले. "दोन, देवळामागचे. तीन, विहिरीजवळचे. बरोबर?"

मी मान डोलावली.

"आमच्या ओटीवर दिवाणजी हीच यादी वाचायचे. बांधावर कोण आला नाही ते बघायला. मी लहान होतो, मला पाठ झाली." त्यांनी पान उलटलं. "सात म्हणजे धर्मा. अजून आहे का तो?"

"आहेत," मी म्हणाले. त्यांनी विचारलं की मी उत्तर द्यायचे, खोडच लागली होती.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की कंपनीच्या प्रकल्पाचा गावावर काय परिणाम होईल, त्याचा अहवाल करणाऱ्या समितीवर ते आहेत. मुलाखतींचे आवाज पेन ड्राइव्हवर घालून शुक्रवारी आणायचे. अहवालात माझं नाव येईल, फील्ड असिस्टंट म्हणून. "तू आपलीच आहेस," ते म्हणाले. "आणि प्रबंधावर सही माझीच लागते."

मी म्हणाले, "आणते सर."

पानं त्यांनी ठेवून घेतली. मी मागितलीही नाहीत.

तीन दिवसांनी गावात कंपनीची पांढरी गाडी आली. धर्माकाकांच्या दाराशी थांबली. दोघे उतरले, पाणी मागितलं, बसले, पोराबाळांची चौकशी केली. निघताना एक जण म्हणाला, "काका, तुम्ही मेल्यावरच सही होणार म्हणे?"

हे मला काकांनीच सांगितलं. मी कॉलेजातून येत होते, ते वाटेवर उभे होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ता मी एकाच मानसाला बोललो व्हतो," ते म्हणाले.

माझ्या वहीत होतं ते. उत्तरदाता क्रमांक सात, अवतरण चिन्हात, शब्द न् शब्द: 'मी मेल्यावरच सही व्हईल.' छान वाक्य मिळालं म्हणून मी ते प्रकरणाच्या सुरुवातीलाच टाकलं होतं.

मला तिथेच बसावंसं वाटलं. काकांच्या पायाशी, मातीत. पण बसून काय होणार होतं. मी घरी गेले, आईला सगळं सांगितलं. फळ्यापुढच्या खुर्चीचंही सांगितलं, बाबांबद्दल मी काय बोलले तेही. आई म्हणाली, "माझा तू सांगितलास ता सांगितलास. लोकांचा कशाला दिलास गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. चोवीस घरं. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगितलं. तुमचा नंबर सरांना ओळखता येतो. चूक माझी. मग मोबाइल काढून त्यांचा आवाज त्यांना थोडा ऐकवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुसला. कोणी माझ्या हातून मोबाइल घेऊन स्वतः पुसला. एकीने दार लावून घेतलं. एक काकी म्हणाली, "आता तू आमच्यात येशील तवा वही घरी ठेवून ये." धर्माकाकांनी मात्र आपला आवाज पूर्ण ऐकला, डोळे मिटून. मग म्हणाले, "पूस."

माझ्याकडे आता एकही मुलाखत नाही. वर्षभराचं काम गेलं.

शुक्रवारी वर्ग भरला होता. सरांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. "आणलंस?"

"नाय."

वर्गात मी कधी 'नाय' म्हणत नसे. 'नाही' म्हणायला मी तीन वर्षं शिकले होते. वकिलाच्या मुलीने मान वर केली.

"विसरलीस?"

"पुसून टाकलं सगळं. लोकांनी मला सांगितलं होतं, सर. तुमच्या समितीला नाही. एका कामासाठी सांगितलेलं दुसऱ्या कामाला वापरायचं नाही, आधी विचारायचं, हे तुम्हीच शिकवलंत. संमती म्हणतात त्याला. माझी पानं परत द्या."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. बस."

"पानं द्या."

सर हसले. तेच मृदू हसणं. "तुझे आजोबा आमच्या ओटीवर कधी चढले नाहीत. तुला मी समोर बसवून शिकवलं. माझी सही नसेल तर तू कोण आहेस, माहिती आहे ना?"

"सही नको," मी म्हणाले. दप्तर उचललं. सगळ्यांसमोरून दाराबाहेर पडले.

पानं मिळाली नाहीत. पांढरी गाडी अजून येते. आता ती वाट विचारत नाही. पहिल्या घरी थांबते, मग देवळामागे, मग पुन्हा खाली, पाळीच्या क्रमाने. तिघांनी सह्या केल्या. एकाच्या मुलाला त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातल्या कामावरून कमी केलं, कारण सांगितलं नाही. धर्माकाका दार उघडं ठेवून बसतात, पण हल्ली बोलत नाहीत. माझ्याशीही नाही.

सोमवारी पेणला जनसुनावणी आहे. सरांचा अहवाल तिथे वाचला जाईल. गाव अनुकूल आहे, असं त्यात असेल. ज्यांच्यामागे गाडी लागली त्यांचं त्यात काही नसेल. वाचून झालं की कोणाला बोलायचं आहे का, म्हणून विचारतात.

मी उठणार आहे. आई सोबत येते म्हणाली, तिने कारखान्यात सुट्टी सांगितली आहे. मी आधी माझं नाव सांगेन आणि माझी चूक सांगेन, काही न लपवता. मग सरांनी काय केलं ते, त्यांच्या पूर्ण नावानिशी, आडनाव, पद, घराणं सगळं घेऊन. त्यांना मी नंबर देणार नाही.