कडूबाईनं मोजलेला महिना

कडूबाई आमच्या दवाखान्यात आया होती, पण वागायची सिव्हिल सर्जनसारखी. गंगाखेडहून यष्टीनं तासाभरावर आमचं गाव, तिथला तो सरकारी दवाखाना, आणि मी बन्सीधर, तिथला कारकून. शिक्का माझ्या टेबलावर, तरी बाया केसपेपर काढायच्या आधी तिला विचारायच्या. माझा जळफळाट व्हायचा. आता खोटं कशाला बोलू.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. पोळा होऊन दोनच दिवस झाले होते. मेंढरं राखणाऱ्या येडबाची बायको पंचफुला आली. चार लेकरं, चौथं अजून अंगावर पीत होतं, आणि पुन्हा दिवस गेलेले. हे पाचवं तिला नको होतं. आमच्याकडं गर्भपाताची सरकारी परवानगी होती, डॉक्टरीणबाई होत्या, सगळं कायद्यात बसणारं. मी दिवस विचारले. शेवटची पाळी आखाडी पुनवेला आली, म्हणून दीड महिना, असं ती म्हणाली. मी दीड महिना लिहिलं आणि महालक्ष्म्या झाल्यावर नवऱ्याला घेऊन ये, त्याची सही लागते, असं ठोकून दिलं. हे कुठं लिहिलंय असं कुणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. माझ्या आधीचा कारकून सही घ्यायचा, म्हणून मीही घ्यायचो.

येडबा मेंढरं घेऊन गेलेला. त्याचा तळ कुठं पडलाय हे फक्त त्याच्या कुत्र्याला ठाऊक. पंचफुला पायरीवर जाऊन बसली. कडूबाई बादली घेऊन चालली होती, ती थांबली. नवरा सापडला नाही तर शेजारच्या गावात काडी घालून पोट पाडणारी बाई आहे, तिच्याकडं जाते, असं पंचफुला तिला म्हणाली. कडूबाईचं तोंडच उतरलं. तसल्या काडीनं गेलेल्या दोघींना तिनं आपल्या हातानं धुतलं होतं. त्यातली एक तिची सख्खी नणंद.

मग तिनं बोटांच्या पेरांवर महिने मोजायला घेतले. दोनदा मोजले आणि तरातरा माझ्या टेबलापाशी आली. "बन्सीधर, ह्यात धोंड्याचा महिना कुठं गेला?"

त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुहूर्त नाही, नुसते जावयाला धोंडे खाऊ घालायचे. तो महिना धरायचाच नाही, ही सवय. पंचफुलानं तो धरला नाही, आणि मॅट्रिक झालेल्या मीही धरला नाही.

"पोटातलं काय पंचांग बघून वाढतंय व्हय?" कडूबाई म्हणाली.

दीड नाही, अडीच महिने झाले होते. बारा आठवड्यांच्या आत एका डॉक्टरच्या मतावर काम होतं; पुढं दोन डॉक्टर लागतात, आणि आमच्याकडं एकच. हातात आठ दिवस होते. माझ्या सांगण्यानं ती महालक्ष्म्यांनंतर आली असती तर मी तिला परभणीचा रस्ता दाखवला असता, आणि ती परभणीला गेली नसती.

तरी सहीचं घोडं मी पुढं दामटलंच. कडूबाईनं मला सरळ डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन उभं केलं. त्यांनी फॉर्म माझ्या नाकासमोर धरला. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याच्या सहीला त्यात जागाच नव्हती. चार वर्षं मी तो फॉर्म भरत होतो, वाचला कधीच नव्हता. कडूबाईला तर अक्षरओळखही नव्हती. ट्रेनिंगमध्ये हे सांगत होते तेव्हा मी चहाला गेलो होतो आणि ती बसून ऐकत होती, हेही तिनं बाईंना सांगून टाकलं. मेलो मी लाजेनं.

डॉक्टरीणबाईंनी पंचफुलाला तपासलं, सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुझी स्वतःची इच्छा आहे का?"

लग्नाच्या वेळी, चार लेकरांच्या वेळी, हे पंचफुलाला कुणी विचारलं नसावं. तिनं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, शेवटी कडूबाईकडं.

"माझ्याकडं काय बघती?" कडूबाई खेकसली. "मला इचारलंय का?" खेकसली खरी, पण तिचे डोळे भरून आले होते.

पंचफुलानं पदर सावरला. "हाय," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "माझी इच्छा हाय."

मी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं अंगठा इतका दाबून उठवला की तो खालच्या कोऱ्या कागदावरही उमटला.